दोन बोटांची जागा

गणपतीच्या सुट्टीत, उधाणाच्या ओहोटीला,
खडपाच्या खोबणीत
जायफळचा पुढचा डावा पाय गेला.
हाड शाबूत राहिलं. नळीमागची शीर
दुधीसारखी सुजली.

मग रोज सकाळी हर्णैच्या लिलावातून
उरलासुरला बर्फ आणायचा, गोणपाटात.
तीन महिने घोडीच्या पायाला
बांगड्याचा वास,
आणि कर्द्याची सगळी मांजरं तिच्या मागे.

संध्याकाळी तिला गुडघाभर पाण्यात उभी करायची,
वीस मिनिटं, घड्याळ लावून.
ती लाटेकडे बघायची, मी तिच्या खुराकडे.
पर्यटक विचारायचे, एका फेरीचे किती?
मी म्हणायचे, ही गिऱ्हाईक आहे,
पाय भिजवायला आलीय.

डिसेंबरात सडवेकर डॉक्टरांनी
अंगठ्याने शीर चाचपली वरपासून खालपर्यंत,
डोळे मिटून, तंबोरा लावावा तशी.
म्हणाले, चालव. पण चालच. दुडकी नाही.
आणि खोगीर बघून घे आधी,
उभ्या जनावराची पाठ उतरते.

खोगीर इम्तियाजचं.
दोहाला जाताना भावाने मोटारसायकल विकली
आणि हे मात्र मला दिलं.
बसकणीत त्याच्या बुडाचा खळगा अजून तसाच,
त्यात मी म्हणजे
परातीत ठेवलेली वाटी.

तंग न आवळता नुसतंच ठेवलं पाठीवर,
पुढून मागे सरकवत नेलं,
जिथे आपणहून थांबलं तिथे सोडलं.
पुढच्या कमानीखाली बोटं घालून पाहिली.
पावसाआधी तीन मावायची.
आता एकही धड नाही.
मणका थेट लाकडाखाली.

नदीम वायरमनकडून जाड तार आणली,
तिच्या पाठीवर दाबून वाकवली,
तशीच अलगद उचलून
कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर ठेवली
आणि पेन्सिल फिरवली.
दर पंधरवड्याला एक रेघ.
अम्मी म्हणाली, शेतं मोजतेस की घोडी?
चौथ्या रेघेला पाठ थोडी भरलेली,
पण डावी बाजू अजून खालीच.
दाभिळकरांनी डावीकडच्या गादीत मूठभर लोकर वाढवली,
टाके असे घातले की बोटाला लागू नयेत.
आता कमानीखाली दोन बोटं जातात.
सरळ, न घासता.

तरीही फिरवून आणून खोगीर उतरवलं
तर सगळी पाठ घामाने काळी
आणि उजवीकडे
भाकरीएवढा कोरडा डाग.

कोरडं म्हणजे दाबलेलं.
तिथे घामालाही वाट मिळाली नाही.
बोट ठेवलं तर कातडी थरारली.
दुखरा पाय डावा,
लोकर डावीकडे,
मग हा डाग उजवीकडे कसा?

डॉक्टर पुळणीवर मागे उभे राहिले.
जा, म्हणाले, त्या सुरूपर्यंत आणि परत.
ते घोडीकडे बघतच नव्हते.
परत आल्यावर म्हणाले,
मेहरू, ही सरळ चालतेय.
तूच कललीयस.

उजव्या रिकिबीचा पट्टा
खरंच बोटभर लांबलेला.
किती दिवस मी
तिच्या डाव्या पायावरून स्वतःला उचलत होते,
आणि उचललेली मी
कुठेतरी ठेवावीच लागत होते.

आज मधोमध बसले.
डाव्या रिकिबीत टाच उतरवली
तेव्हा माझाच श्वास अडकला.
जायफळने एक कान मागे वळवला,
पुन्हा पुढे केला.
खडपाच्या अलीकडून वळायचं होतं,
ती वळली ती पाण्याकडे.
लगाम ओढायचं सुचलंच नाही.
गुडघाभर पाण्यात गेली
आणि उभी राहिली,
रोजच्यासारखी.

घड्याळ घरी.
मी वर बसलेली, पायात चपला,
किनाऱ्यावरून कुणीतरी ओरडून विचारतंय,
किती?
आणि हिचं अजून भिजवून झालेलं नाही.